ज्याचं नाव निघालं नाही

दिगंबरभाऊंना खुनी सापडायचा, स्वतःच्या चपला सापडायच्या नाहीत. एकदा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आम्ही दोघं गेलो होतो. बाहेर आलो तर त्यांच्या चपला गायब. मी म्हणालो, जाऊ द्या, समोरच्या दुकानातून नव्या घेऊ. पण ते ऐकतात कुठले! तिथंच ओट्यावर बसून त्यांनी तपास सुरू केला. चोर डावखुरा असणार, कारण शेजारचा जोड डावीकडे सरकलाय. त्याला घाई नव्हती, कारण धूळ उडालेली नाही. तो गावातलाच, कारण इतक्या झिजलेल्या चपलांची हाव परगावच्या माणसाला सुटणार नाही. अर्धा तास हे चाललं. चार भाविक दर्शन सोडून ऐकत उभे राहिले. शेवटी बेलफूल विकणारी बाई कंटाळून म्हणाली, "भाऊ, तुमी तिकडल्या दारानं आत गेल्ते." चपला तिकडच्या दाराशी जशाच्या तशा होत्या. ज्या देवळात त्यांच्या घराण्याची पिढ्यान्पिढ्या पूजेची पाळी, त्या देवळातली ही गत.

मी त्या दिवशी पोट धरून हसलो होतो. पुढं जे झालं त्यानंतर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

दिगंबर पाठक हे नाव आता फारसं कुणाला आठवणार नाही. पण नव्वदच्या दशकात, आमचा जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, 'कुलपाआड' ही रहस्यमालिका सुरू झाली की जवळा बाजारच्या रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. लेखक दिगंबर पाठक, निर्माता दिगंबर पाठक. पडद्यावर नाव आलं की आमच्याकडची माणसं टाळ्या वाजवायची, आणि त्यात माझी टाळी सगळ्यांत मोठी असायची. कारण मालिकेतला प्रत्येक खून आधी माझ्या दारात झालेला असायचा.

माझं तेव्हा जवळा बाजारला, मुख्य रस्त्यावर, एसटीडी बूथ होतं. काचेची एक खोली, बाहेर लाकडी बाकडं, शेजारी खाजाभाईची चहाची टपरी. दिगंबरभाऊ मुंबईहून महिन्या-दीड महिन्यानं यायचे. परभणीला रेल्वेतून उतरून एसटी धरायचे आणि औंढ्याला घरी जाण्याआधी, बाजाराचा दिवस गाठून, माझ्या बाकड्यावर मुक्काम ठोकायचे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात त्याच झिजक्या चपला, काखेत रेक्झिनची बॅग. चहा बशीत ओतून प्यायचे आणि प्यायल्यावर बशी पालथी घालायचे. काहून, असं खाजाभाईनं एकदा विचारलं, तर म्हणाले की रिकामी बशी उताणी दिसली की मला कुणीतरी आत्ताच उठून पळाल्यासारखं वाटतं. असली उत्तरं त्यांच्याकडं ढिगानं होती.

औंढ्यात ते गोष्ट सांगत नसत. तिथं सगळे नातेवाईक, त्यामुळं वाहवा आधी आणि गोष्ट मागून. बाजारातली माणसं तोंडावर सांगतात, असं त्यांचं म्हणणं. मग कापूस विकून मोकळे झालेले, बांगड्यावाल्या, शेळ्या विकायला आलेले, असे पंधरा-वीस जण बाकड्याभोवती जमायचे आणि भाऊ नवी गोष्ट सांगायला लागायचे. सांगायचे मात्र झकास. आवाज कधी चढवायचे नाहीत, उलट महत्त्वाचं आलं की आणखी हळू बोलायचे. सगळी माणसं पुढं झुकायची. शेवट सोडून सगळं सांगून झालं की प्रत्येकानं एकेक करून त्यांच्या कानात खुन्याचं नाव सांगायचं, असा नेम होता. ते मान हलवून ऐकून घ्यायचे, चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत. एकाचं जरी नाव बरोबर आलं, तरी त्यांनी ठरवलेला खुनी बाद. मग गोष्टीतल्या ज्या माणसाचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नसेल, त्याला खुनी करायचं आणि सगळी गोष्ट त्याच्या अंगानं पुन्हा बांधायची. हीच त्यांची लिहिण्याची रीत.

एका गोष्टीत तर बाजारानं इतकी नावं काढली की शेवटी मेलेला माणूस तेवढा उरला. भाऊंनी त्यालाच खुनी केलं. स्वतःच स्वतःला संपवून आळ भावावर यावा अशी त्यानं व्यवस्था केली होती, असं दाखवलं. तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. वाहिनीच्या लोकांनी त्यांना विचारलं म्हणे, तुम्हाला हे सुचतं कसं? भाऊ म्हणाले, मला सुचत नाही, जवळा बाजारला जे सुचत नाही ते मी लिहितो. मला हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मीही फुशारलो. आपलं गाव कुठंतरी उपयोगी पडतंय, एवढंच मला कळत होतं.

निर्माते म्हणून त्यांचा हट्ट असा की, गोष्ट खोटी असली तरी दिसणारी वस्तू खरी पाहिजे. "खोटं मी लिहितो रे नारायणा, पण ते दिसलं खरं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पितळी कडीचा आवाज हवा म्हणून त्यांनी औंढ्यातल्या स्वतःच्या घराची कडी काढून मुंबईला नेली होती. त्यांच्या आई दोन महिने दाराला दगड लावून झोपल्या. नट मंडळींना ते आमच्याकडं घेऊन यायचे आणि माणसं कशी बसतात, तंबाखू कशी मळतात, ते पाहायला लावायचे. या हट्टाचं मला फार कौतुक होतं. हे सगळं मी अशासाठी सांगतोय की, पुढं जे झालं ते कुणा वाईट माणसाच्या हातून झालं असं कुणाला वाटू नये.

आमच्या गावाबाहेर एका विहिरीत सुनंदा नावाची पोरगी बुडून मेली होती. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. माहेर आमच्याच भागातल्या गोरेगावकडचं. पोलिसांनी पाय घसरला असं लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं. गावात कुजबुज होतीच. घरातल्यांचं नाव घेतलं जायचं, विशेषतः धाकट्या दिराचं. खरं काय ते तिला आणि त्या विहिरीलाच माहीत. तिला पाण्यातून वर काढलं होतं सटवामामांनी. सटवाजी हे मेंढ्या राखणारं म्हातारं माणूस, सगळ्या गावाचे मामा. विहिरीजवळ मेंढ्या चारत होते, ओरडा ऐकला आणि सत्तरीच्या घरात असून दोर धरून खाली उतरले. तिला वर आणून स्वतःचं घोंगडं तिच्यावर घातलं आणि माणसं येईपर्यंत शेजारी बसून राहिले. ते घोंगडं नंतर त्यांनी परत घेतलं नाही.

वर्षभरानं दिगंबरभाऊंनी बाजारात जी गोष्ट सांगितली ती हीच होती. नावं बदललेली, गाव बदललेलं, पण विहीर तीच, दीर तोच, मेंढ्या राखणारा म्हाताराही तोच. आम्ही सगळ्यांनी ओळखलं. ओळखून गप्प बसलो असतो किंवा, भाऊ ही गोष्ट नको, असं कुणी म्हणालं असतं तर? कुणी म्हणालं नाही. उलट आपल्या गावचं प्रकरण टीव्हीवर जाणार म्हणून आम्ही आणखी पुढं झुकून ऐकलं. गोष्ट संपली. एकेक जण कानात नाव सांगून आला. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, धाकटा दीर. भाऊंच्या भुवया जराशा वर गेल्या. इतक्या वर्षांत मला त्यांचा चेहरा तेवढ्या वेळेला वाचता आला. मी बरोबर ओळखलं होतं.

मी आठवडाभर ताठ मानेनं फिरलो. खाजाभाईला तीनदा सांगितलं.

त्या दिवशी बाजारात सासूचं नाव निघालं, नवऱ्याचं निघालं, दिराचं निघालं, सावकाराचं, पाटलाचं, अगदी माहेरच्या बापाचंही निघालं. सटवामामांसारख्या म्हाताऱ्याचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. कसं येणार? त्या माणसाबद्दल वाईट विचार कुणाच्या मनात कधी आलाच नव्हता. आणि नेमका म्हणूनच तो खुनी ठरला.

पुढच्या खेपेला भाऊ एका नटाला घेऊन आले आणि सरळ सटवामामांच्या घरी नेऊन बसवलं. दोन दिवस तो नट मामांच्या मागं मेंढ्यांत हिंडला. पटका कसा बांधायचा, काठी कुठं धरायची, मेंढरांना कशी हाळी द्यायची, मामांनी सगळं शिकवलं. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची त्यांना सवय होती, तीही त्यानं उचलली. मामींनी दोघांना भाकरी आणि शेळीचं दूध वाढलं. जाताना मामांनी नटाला स्वतःचं नवं घोंगडं दिलं. माझ्या बूथवर येऊन मला म्हणाले, "आमाला टीव्हीत घेऊन राहिले म्हंतेत. चांगलं केलं." भाऊंनी तेव्हा तरी थांबायला हवं होतं. त्यांच्या मनात काही आलं की नाही, मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, नाही आलं. त्यांच्या दृष्टीनं तो म्हातारा आता त्यांच्या गोष्टीतला होता.

तो भाग लागला तेव्हा मामा गावात नव्हते. खतासाठी मेंढ्या बसवायला दूरच्या शेतांत गेले होते. आम्ही सगळ्यांनी एका खोलीत बसून पाहिला. तो पटका, ती काठी, ते दोनदा खाकरणं, अंगावरचं ते घोंगडं. देवळातली चांदी चोरताना त्या पोरीनं पाहिलं म्हणून म्हातारा तिला विहिरीत ढकलतो आणि मग स्वतःच उतरून प्रेत वर काढतो, म्हणजे कुणाला शंका येणार नाही. भाग संपला तेव्हा खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. एक जण हळूच म्हणाला, "पाठकांनी उगंच न्हाई दाखवलं. त्यांना आतलं काहीतरी माहीत असंल."

झालं. एवढं पुरलं. दिगंबर पाठक म्हणजे नागनाथाच्या देवळातल्या घराण्यातला माणूस, मुंबईत नाव काढलेला, पोलिसांना न सापडणारे खुनी पकडणारा. त्यानं दाखवलं ते खोटं कसं असेल? मामा परत आले तर शेतकरी मेंढ्या बसवायला बोलवेनात. त्यांच्या वाटेवरून बायका बाजूनं जाऊ लागल्या. सुनंदाच्या दिराला तर आयतंच फावलं, टीव्हीत आलंच ना, म्हणत तो मोकळा फिरायला लागला. एक दिवस गोरेगावकडून जीप आली आणि सुनंदाची आई मामांच्या दारात उभी राहिली. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. "माझ्या लेकरानं तुमचं काय बिघडवलं व्हतं, भाऊ?" एवढंच तिनं विचारलं. मामांना ती काय विचारतेय तेच कळेना. मुलीची आठवण काढून रडतेय असं वाटून त्यांनी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

मी भाऊंना फोन लावला. तिसऱ्या दिवशी ते हजर झाले. बॅगही आणली नव्हती. माझ्या काचेच्या खोलीत शिरून त्यांनी वाहिनीच्या साहेबांना फोन लावला आणि दार ओढून घ्यायचंही विसरले. पुढच्या भागाआधी सांगा, म्हणाले, तो म्हातारा खरा नाही, त्यानं काही केलेलं नाही. पलीकडून सांगत असावेत की सगळी पात्रं काल्पनिक आहेत अशी पाटी असतेच. मग म्हणाले, मी दुसरा भाग लिहितो, खरा खुनी वेगळा निघतो असं दाखवू. पलीकडचा माणूस हसल्याचं मलाही बाहेर ऐकू आलं. मालिकेतला सगळ्यांत गाजलेला भाग होता तो, त्याला कोण हात लावणार? भाऊंनी मालिका सोडतो म्हणून सांगितलं. वाहिनीवाल्यांनीही खुशाल सोडा म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी पुढचे भाग लिहिले, नाव काही दिवस यांचंच राहिलं.

मग बाजाराच्या दिवशी ते खाजाभाईच्या बाकड्यावर उभे राहिले. त्या माणसाला पहिल्यांदाच मी मोठ्यानं बोलताना ऐकलं. मी खोटं लिहिलं, म्हणाले. मी दीर लिहिला होता, तुम्ही तो ओळखला म्हणून बदलला. सटवामामांनी स्वतः विहिरीत उतरून त्या पोरीला वर काढलंय. लोकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमी मोठ्या मनाचे. सांभाळून घेऊन राहिले बिचाऱ्याला."  त्यानंतर प्रत्येक बाजारी भाऊ मामांजवळ, शेळ्या-मेंढ्यांच्या रांगेत, दिवसभर मांडी घालून बसायचे. लोकांनी पाहावं म्हणून. लोक पाहायचे आणि भाऊंचं मन किती मोठं ते एकमेकांना सांगायचे.

अशाच एका बाजारी मामा माझ्या बूथवर आले. भाऊ बाकड्यावर होते. मामा त्यांच्या समोर खाली बसले, दोनदा खाकरले.

"साहेब, लोक म्हंतेत मी तिला ढकललं. मी काही टीव्हीत पाह्यलं न्हाई. कसं ढकललं ते सांगा."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. इतक्या गोष्टी मी त्यांच्या तोंडून ऐकल्या, पण इतकी वाईट सांगितलेली एकही नाही. शब्द मागंपुढं होत होते. मामा लक्ष देऊन ऐकत होते.

"पण काहून?" त्यांनी विचारलं. "मी काहून मारलं तिला?"

"देवळातली चांदी," भाऊ म्हणाले. "तुम्ही चोरत होता. तिनं पाहिलं."

मामा रागावलेले नव्हते. खरंच तसं झालं असतं तर आपण काय केलं असतं, हे ते मनाशी बघत होते.

"पाह्यलं असतं तर मी चांदी परत ठिवली असती की, साहेब," ते म्हणाले. "लेकराला काहून ढकलायचं?"

 मामा उठले, खाजाभाईनं दिलेला चहा उभ्यानंच प्यायले आणि शेळ्यांकडं गेले. त्या हंगामानंतर त्यांनी कळप विकला आणि मामींना घेऊन सेनगावकडं लेकीच्या गावी राहायला गेले. तिथंच दोन-तीन वर्षांत वारले. मी मातीला गेलो होतो. भाऊही आले होते, पण वेशीबाहेर थांबले. घरच्यांनी त्यांना आत या म्हटलं असतं असं मला वाटतं. त्यांनीच विचारलं नाही.

भाऊ पुन्हा मुंबईला गेले नाहीत. औंढ्याला राहून देवळातली पाळी करू लागले. मुंबईहून एक-दोघं आले, नव्या मालिकेसाठी गोष्ट मागायला. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी भेटायला जायचो. बोलणं पावसापाण्याचं. एकदाच ते आपणहून म्हणाले, "नारायणा, एवढे खून लिहिले मी, पण मारणाऱ्याला ती वस्तू परत ठेवता आली असती, हे मला एकदाही सुचलं नाही रे." मी म्हणालो, भाऊ, मी ओळखलं नसतं तर तुम्ही बदललंच नसतं. म्हणजे दोष माझाही. ते म्हणाले, "तू फक्त ओळखलंस." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. मी ओळखलंच नव्हतं, गावात जे बोललं जायचं तेच त्यांच्या कानात ओतून आलो होतो. त्या दिराचं तरी खरं कुणाला माहीत होतं?

मोबाइल आले आणि माझं बूथ बंद पडलं. त्याच खोलीत मी झेरॉक्सचं मशीन टाकलं. त्याच्या काही कामानं एका दुपारी औंढ्याला गेलो होतो. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्ही चालू होता, आत सात-आठ गिऱ्हाइकं. बाहेर गाडी लावताना मला तो खाकरण्याचा आवाज ऐकू आला, एकदा आणि मग पुन्हा एकदा. वाहिनी जुन्या मालिका दुपारच्या वेळी फिरून दाखवत होती. मी दारातच थांबलो.

दिगंबरभाऊ आत होते. टीव्हीच्या अगदी पुढं, गिऱ्हाइकांकडं तोंड करून उभे. केस पार पांढरे झालेले, अंगात बंडी. ते हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "यानं मारलेलं नाही. ऐका माझं, हा माणूस तसा नव्हता."

त्यांना कुणी ओळखलं नाही. एक जीपवाला समोसा खात होता, तो अदबीनंच म्हणाला, "काका, जरा बाजूला सरका. शेवट पाहू द्या."

भाऊ बाजूला झाले. भिंतीपाशी एक खुर्ची होती तिच्यावर बसले आणि इतरांसारखे टीव्हीकडं बघू लागले. पडद्यावर म्हाताऱ्याच्या घोंगड्याखालून चांदीची वाटी निघाली. पोलिसानं त्याचा हात धरला. जीपवाल्यानं मांडीवर थाप मारली.

"मला तर वाटलंच न्हवतं राव," तो खूश होऊन म्हणाला. "हे म्हातारं असंल म्हणून."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. भाऊ उठले, बंडीची गुंडी लावली आणि माझ्या अंगावरून बाहेर पडले. त्यांनी मला पाहिलं नाही. देवळाच्या रस्त्यानं ते हळूहळू निघाले. मी दारात उभा होतो, दोन पावलांवर, आणि मी त्यांना हाक मारली नाही.